गच्चीवरचे तीन ठिपके

९ नोव्हेंबर

प्रिय डब्या,

की आता ‘माननीय छायाचित्रकार महोदय’ असं लिहायचं? वर्तमानपत्रवाले तुझ्यामागे काय काय बिरुदं लावतात ते वाचते मी. पण पत्र्याच्या डब्याला भोक पाडून आईच्या पाठीचे फोटो काढणारा तूच, तेव्हा माझ्यासाठी डब्याच.

तू जाऊन पाच दिवस झाले, घर अजून सावरतंय. सहा वर्षांनी भाऊ येतोय म्हणून मी दवाखान्यातून चार दिवस रजा काढली, आणि भाऊ चारही दिवस गच्चीवर काळ्या फडक्यात डोकं खुपसून उभा. लहानपणी अंधाराला घाबरून माझ्या पांघरुणात घुसायचास, तोच तू आता अंधारावर पोट भरतोस. जेवायला हाक मारली की फडक्याखालून आवाज, “ताई, उजेड जातोय.” उजेड रोज जातो रे बाबा. भाजी मात्र मी तीनदा गरम केली.

कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय पुन्हा त्याच जागी टेकता यावेत म्हणून तू ऑइलपेंटचे तीन ठिपके काढून गेलास. शेजारची क्रेनवाल्याची बायको विचारत होती, गच्ची विकलीस का? म्हटलं, नाही, भावाने आखून ठेवलीय.

आणि तुझा तो ‘तलाव’! कारखान्याचा लाल चिखल साठवायच्या हौदाला तलाव म्हणणारा तू पहिलाच. “किती सुंदर आहे गं,” म्हणालास. त्या सौंदर्याने सोलून निघालेल्या पायांना मी दवाखान्यात रोज मलमपट्टी करते. तुला हवं तर एकदा त्यांचेही फोटो काढ, रंग तोच असतो.

फोन करणार होते. पण तुझा फोन उचलणारी बाई नेहमी सांगते, साहेब डार्करूममध्ये आहेत. पत्र अंधारात वाचता येत नाही, निदान बाहेर तरी येशील.

तुझं डोळ्याला लावायचं भिंग पाण्याच्या टाकीवर राहिलंय. आणि मागच्या पत्राखाली तू ‘रिगार्ड्स’ लिहिलं होतंस. बाबा तीस वर्षं रोज सकाळी त्या हौदाच्या बांधाच्या पायथ्याने चालायचे, उतारावर तळहात टेकवून बघायचे आणि दारात येऊन हात दाखवून म्हणायचे, “हात कोरडा.” मग आई चहा टाकायची. या घरात पत्राच्या खाली तेच लिहायचं असतं. आता ती फेरी नाही, बांधाभोवती कुंपण आहे, तरीसुद्धा.

हात कोरडा.
तुझी ताई


२७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र वाचून तुझी तब्येत ठणठणीत असल्याचं कळलं.

माझ्या कामाची चेष्टा करतेस, कर. पण जरा समजून घे. माणसाने पृथ्वीवर जे ओरखडे काढलेत ते मी टिपतोय. खाणी, राखेचे ढीग, गाळाचे तलाव. मालिकेचं नाव ‘निर्मनुष्य’. एवढा अवजड कॅमेरा मी हौसेने वाहत नाही. त्याची एक फिल्म तुझ्या वहीच्या पानाएवढी असते आणि डोळ्याला दिसत नाही तेही तिच्यावर उतरतं.

सोबत एक प्रिंट पाठवतोय. निगेटिव्हवर कागद ठेवून काढलेला आहे, म्हणून निगेटिव्हएवढाच, आठ बाय दहा इंच. समोर तुझ्या कॉलनीची छपरं, मागे बांध, वर तलाव, कडेला धुराडी. हा जसा आला तसा आहे. माझं तत्त्वच आहे, समोर जे आहे ते जसंच्या तसं. मी चित्रात ढवळाढवळ करत नाही.

हे चित्र बाद आहे, कारण डाव्या कोपऱ्यात तुझ्या दोन चादरी वाळताहेत. मी सांगितलं होतं तुला. फेब्रुवारीत परत येतो. तेच ठिपके, तीच चौकट, तोच सकाळचा उजेड. फक्त चादरी नकोत, हात जोडतो.

भिंग ठेव तुझ्याकडे, आलो की नेईन.

हात कोरडा. (घे, लिहिलं.)
तुझा भाऊ


१५ डिसेंबर

प्रिय डब्या,

तू ढवळाढवळ करत नाहीस, फक्त लोकांचं वाळत घातलेलं काढायला लावतोस. समजलं.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुझा प्रिंट ठेवला आणि भिंग लावून बसले. टीव्हीपेक्षा बरं मनोरंजन झालं. क्रेनवाल्याच्या गच्चीवरची टाकी फुटलीय, तो इतके दिवस कॉलनीच्या पंपाला शिव्या देत होता. फाटकापाशी पहारेकरी खुर्चीत झोपलेला आहे, अगदी तोंड उघडं टाकून. दवाखान्याच्या खिडकीवर मी ठेवलेली बाटलीसुद्धा दिसते.

पण एक सांग, तू हा फोटो काढलास तेव्हा रात्रपाळी सुटत होती, भोंगा मी ऐकला. दीडशे माणसं रस्त्याने येत होती. तुझ्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. माणसं कुठे गेली?

दुसरं, बांधाच्या मधोमध उतारावर एक काळी उभी रेघ आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. साध्या डोळ्यांनी गच्चीवरून मला तिथे काही दिसत नाही. तुझा केस चिकटलाय का? माझा नसावा, माझे पांढरे झालेत.

हात कोरडा.
ताई


४ जानेवारी

प्रिय ताई,

भिंगाची सवय लागली वाटतं. आता आमच्यातलीच झालीस.

माणसं दिसत नाहीत, कारण मी कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड अगदी बारीक करतो आणि फिल्म तीस सेकंद उघडी ठेवतो. एवढ्या वेळात जे हलतं ते उमटत नाही. चालणारी माणसं पुसली जातात. पहारेकरी स्थिर होता म्हणून उमटला. यातच तर मालिकेचा सगळा अर्थ आहे, पण ते तुला समोरासमोर समजावेन.

रेघ म्हणजे केसच. फिल्म चौकटीत भरताना धूळ किंवा केस राहिला की तिथे उजेड पोचत नाही आणि प्रिंटवर काळी रेघ येते. आमच्या धंद्यात रोजचं आहे हे. तू नर्स आहेस म्हणून तुला प्रत्येक रेघेत रोग दिसतो.

हात कोरडा.
तुझा भाऊ


२ मार्च

प्रिय डब्या,

आलास, राहिलास, गेलास. तीन दिवसांत माझ्याशी एकूण चाळीसेक वाक्यं बोललास, त्यातली तीस उजेडाबद्दल. मी आधीच्या दिवशी चादरी काढल्या, क्रेनवाल्याच्या बायकोला सकाळी आठपर्यंत गच्चीवर यायला बंदी केली. ती म्हणाली, पंतप्रधान येताहेत का? मी म्हटलं, त्यांच्यासाठी कुणी चादरी काढल्या नसत्या.

कॅमेऱ्याचे पाय ठिपक्यांवर असे बरोब्बर बसले की मलाच कौतुक वाटलं. बाबाही रोज त्याच दगडांवर पाय द्यायचे.

इकडचं विशेष म्हणजे आपल्या पायऱ्यांपाशी गटार गेले तीन आठवडे कोरडं होत नाही. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी. कॉलनीचा प्लंबर तीनदा आला आणि तीन चांगले नळ बदलून गेला. पाणी तरी येतंच आहे, तेव्हा आता तो म्हणतो की पाणी जुनं आहे. जुनं म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही.

भिंग परत विसरलास. दुसऱ्यांदा.

हात कोरडा.
ताई


२० मार्च

प्रिय ताई,

बातमी मोठी आहे, बसून वाच. वीस एप्रिलला ‘निर्मनुष्य’चं उद्घाटन. मोठं दालन, एकवीस चित्रं, आणि मधल्या भिंतीवर आपला तलाव, सहा फूट बाय साडेसात. प्रदर्शन तुमच्याच कारखान्याने पुरस्कृत केलंय. नाक मुरडू नकोस. मोठे साहेब स्वतः पडदा उघडणार आहेत. नंतर ते चित्र त्यांच्या मुख्य कार्यालयात लागेल. आणि त्यांच्या आणखी सहा कारखान्यांची फाटकं मला उघडी होतील, जिथे आजवर कुठल्याही छायाचित्रकाराला सोडलेलं नाही. पुढची दहा वर्षं मला दुसरीकडे बघायची गरज नाही, ताई. या एका गोष्टीसाठी मी पंधरा वर्षं हा पेटारा वाहिला.

सोबत निमंत्रणाचं कार्ड. त्यावर फेब्रुवारीचंच चित्र आहे. आणि गंमत ऐक. तुझा तो केस याही फिल्मवर आला. त्याच जागी, जरा मोठा. म्हणजे तो फिल्मच्या चौकटीतच कुठेतरी अडकलेला असणार. चौकट फेकून दिली, आणि कॉम्प्युटरवर दोन तास बसून रेघ साफ केली. बांध आता कसा तुळतुळीत दिसतो बघ. आणि लगेच ‘ढवळाढवळ’ म्हणू नकोस. केस काढणं म्हणजे स्वच्छता.

तू येशील ना? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.

हात कोरडा.
तुझा भाऊ


२९ मार्च

प्रिय डब्या,

कार्ड मिळालं. गुळगुळीत आहे, बोट घसरतं.

आता तूच बसून वाच. दोन फोटो मी शेजारी ठेवले, जुना आणि कार्डावरचा. धुराडी तिथेच, छपरं तिथेच, खिडक्या तिथेच. तुझ्या ठिपक्यांमुळे सगळं जागच्या जागी. म्हणून तर तुला वाटलं की केस चौकटीत अडकलाय, नाहीतर एकाच जागी दोनदा कसा येईल. पण अरे, चौकट तीच आणि बांधही तोच. दोघांपैकी ‘जरा मोठं’ कोण होऊ शकतं? चौकटीतला केस तीन महिन्यांत वाढत नाही. मेलेल्या माणसाचे वाढतात म्हणतात, तेही खोटं आहे, मी बघितलंय.

ती ओल आहे, डब्या. बांध पाझरतोय, आणि आपल्या गटारातलं ‘जुनं पाणी’ तिथूनच येतंय.

मी मंगळवारी जुना फोटो घेऊन बांधसाहेबांच्या ऑफिसात गेले. बांधाची देखभाल यांच्याकडे आहे, आणि ती हे खुर्चीत बसून करतात. त्यांनी मला कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. बांधात पाणी मोजायच्या बारा नळ्या पुरल्यात, प्रत्येकीचा एक दिवा, बाराही हिरवे. मी विचारलं, ही रेघ आहे तिथे नळी आहे का? म्हणाले, तिथे नाही, पण बाकी सगळ्या हिरव्या आहेत. म्हटलं, मग निदान जाऊन बघा. तर त्यांनी ड्रॉवर उघडला आणि तुझं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. “सिस्टर, हा तुमच्या भावाचाच फोटो, तुमच्या फोटोनंतरचा. यात कुठे आहे रेघ? म्हणजे जुन्यावर केस होता.” खूप नम्रपणे बोलले. पाणीही विचारलं.

माझ्याच भावाच्या कार्डाने मला खोटं पाडलं. तुझ्या स्वच्छतेचं याहून मोठं कौतुक मी करू शकत नाही.

मला फेब्रुवारीचा फोटो न पुसलेला हवा. लगेच. जून उजाडला की वरून पाणी सुरू होईल.

हात कोरडा लिहीत नाही, कारण मला माहीत नाही.
ताई


६ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मला त्रास झाला. तू घाबरली आहेस हे कळतं. पण बांधसाहेब इंजिनिअर आहेत, बारा नळ्या आहेत, आणि तू बघतेयस एक प्रिंट, तोही भिंगातून, स्वयंपाकघरात.

समज, मी ते चित्र आत्ता पाठवलं. पहिला प्रश्न काय येईल? की हा माणूस सांगत फिरतो ढवळाढवळ करत नाही, आणि यानेच चित्र पुसलं. प्रदर्शनाच्या दारात माझं ते वाक्य हातभर अक्षरांत लागलंय. ज्या कारखान्याने दालन घेतलं त्याच्याच बांधात मी खोट काढायची, तीही कदाचित एका केसावरून? सहा फाटकं तर बंद होतीलच, पुढे कुठलंच उघडणार नाही.

उद्घाटन होऊ दे. दोनच आठवडे आहेत. मग मी स्वतः फिल्म तपासतो आणि तुला पाठवतो, शब्द देतो. बाबांनाही बांधाचं असंच वेड होतं. तीस वर्षं हात टेकवला त्यांनी, काय झालं? काहीच नाही.

खुर्चीवर तुझं नाव लावलंय.

तुझा भाऊ


१२ एप्रिल

डब्या,

तीस वर्षं काही झालं नाही, कारण तीस वर्षं कुणीतरी हात टेकवत होतं. हे तुला कुणी समजावून सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. मला तुझा राग आलाय, आणि तो मी गोड बोलून लपवणार नाही.

गुरुवारी सकाळी मी बांधावर गेले. कुंपणाखालून कुत्री ये-जा करतात तिथून. सत्तावन्नाव्या वर्षी नर्सच्या पांढऱ्या साडीत कुत्र्याच्या वाटेने सरपटताना माणसाला स्वतःबद्दल बरंच काही कळतं. बाबांचे दगड अजून आहेत. रेघेपाशी पोचले आणि हात टेकवला.

हात ओला झाला. पाणी गढूळ होतं. बाबा काय सांगायचे, आठवतं? निवळ पाणी आलं तर वहीत लिहायचं, गढूळ आलं तर माणसं उठवायची. गढूळ म्हणजे पाणी बांधाची माती घेऊन बाहेर येतंय. हा शब्दही न कळणाऱ्या वयात तू जेवताना ते म्हणून दाखवायचास.

परत येताना पहारेकऱ्याने धरलं. तुझ्या फोटोतला तोच, झोपलेला. वर्षातून एकदा जागा असतो, तो दिवस मी निवडला. दुपारपर्यंत मला निलंबित केल्याचं पत्र आलं, कारण ‘संरक्षित क्षेत्राचे कुंपण ओलांडणे’. मी पाणी पाहिलं असं सांगितलं तर बांधसाहेब म्हणाले, तुमच्या बघण्याला आधार काय? बाबांचं बघणं नोकरी होती. माझं बघणं गुन्हा आहे. तुझ्या कॅमेऱ्याचं बघणं मात्र ते मान्य करतात, त्याची कार्डंसुद्धा छापतात.

बांधाखाली घरांच्या तीन ओळींत आम्ही दोनशे सोळा माणसं झोपतो. आकडा दवाखान्याच्या नोंदवहीतला आहे. त्यातली अकरा या वर्षी जन्मलीत, सात मी माझ्या हातांनी बाहेर काढली. तुला ती दिसत नाहीत हे मला माहीत आहे, ती हलतात.

भिंग सोबत पाठवतेय. मला आता गरज नाही, मी हात लावून आले. तुला आहे.

खुर्चीवर माझ्याऐवजी कुणालाही बसव.

हात ओला.
ताई


२१ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र पंधराला मिळालं. मी दोन्ही फिल्म काढल्या, उजेडाच्या काचेवर एकावर एक ठेवल्या आणि तुझं, म्हणजे माझं, भिंग लावलं. धुराडी धुराड्यांवर बसली, छपरं छपरांवर. पहारेकरी पहारेकऱ्यावर बसला, दोन्ही वेळा झोपलेला. एक रेघ तेवढी बसेना. नोव्हेंबरची तांदळाएवढी, फेब्रुवारीची तिच्या चौपट, आणि खाली पंख्यासारखी पसरलेली. बारा मीटरची जवळजवळ पन्नास मीटर झालीय.

केस पंख्यासारखा पसरत नाही. हे मला तेव्हाही दिसत होतं. दोन तास मी फक्त तिच्याकडेच बघत होतो, ताई, आणि पुसत होतो. मला स्वतःची एवढी लाज आजवर वाटली नव्हती.

सोळाला मी दोन्ही प्रिंट बांधसाहेबांच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिले. पोच मिळाली, शिक्क्यासह. उत्तर नाही. तुझ्या दारावरून गेलो, आत यायचं धाडस झालं नाही.

काल उद्घाटन झालं. मोठ्या साहेबांनी वीस मिनिटं निसर्गावर भाषण केलं. कारखाना निसर्गाचा कसा विनम्र पाहुणा आहे वगैरे. मग पडदा ओढला. पडद्याआड फेब्रुवारीचं न पुसलेलं चित्र होतं, शेजारी तुझ्या चादरींसकट नोव्हेंबरचं, दोन्हींखाली तारखा, आणि मध्ये खिळ्याला दोरीने बांधलेलं भिंग. दारातलं माझं वाक्य उतरवून मी तिथे लिहिलं होतं, ‘या चित्रातली रेघ मी पुसली होती. ती बांधाची ओल आहे. खाली दोनशे सोळा माणसं राहतात.’

आता हसशील. एक कलासमीक्षक रेघेसमोर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, निसर्गाच्या मूक जखमेचं केवढं हे रूपक. दुसऱ्यांना दोन चादरी फार आवडल्या, त्यांनी विचारलं, या मांडणीमागे काय विचार आहे? मी म्हटलं, वाळवणे.

बांधसाहेबही आले होते, नव्या कोटात. त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग मला एवढंच विचारलं, “तारखा नक्की?” मी हो म्हटलं. ते खायला न थांबता बाहेर गेले, आणि जिन्यात फोनवर ओरडताना मी त्यांना ऐकलं. रूपक हा शब्द त्यांनी वापरला नाही.

सहाही फाटकं जेवायच्या आधी बंद झाली. मोठे साहेब माझ्याशी हात न मिळवता गेले. सकाळच्या वर्तमानपत्रात चित्र पहिल्या पानावर आहे, आणि आतल्या पानावर एकाने लिहिलंय की मी पंधरा वर्षं लोकांना फसवत आलो. त्याचं फारसं चुकलं नाही.

खालच्या ओळींतल्यांना तोवर तरी हलव. मी शेवटी काय लिहायचं ते मला कळत नाही. हात कसा आहे ते तूच कळव.

तुझा डब्या


११ मे

प्रिय डब्या,

हे पत्र शाळेच्या हॉलमधून लिहितेय. ‘निसर्ग आपला मित्र’ असा फळा डोक्यावर आहे, तो कुणी पुसत नाही.

तुझं उद्घाटन झालं त्याच रात्री इथे पंप लागले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिन्ही ओळी शाळेत. बाबांनी सांगितलं तसं मी दारोदार जाऊन माणसं उठवली, निलंबित असल्यामुळे वेळही होता. क्रेनवाल्याची बायको ट्रंक उचलायला तयार नव्हती, म्हणे नळ गळण्यापायी कुणी घर सोडतं का. तेरा दिवस वरचं पाणी उपसत होते. चौदाव्या दिवशी, चार मे, दुपारी तीन वाजता, तुझी रेघ जिथे संपते बरोबर तिथून बांध बसला. चिखल पहिली ओळ, दुसरी ओळ करत आपल्या स्वयंपाकघरात आला आणि खिडकीच्या कठड्याशी थांबला. हौद निम्मा रिकामा होता म्हणून तेवढ्यावर भागलं. भरलेला असता तर तो गच्चीवरून गेला असता.

घरात कुणी नव्हतं. कुणाच्याच नव्हतं. मी दोनदा मोजली, दोनशे सोळा. मग कोपऱ्यात बसून रडले, तेही लिहिते, नाहीतर तुला वाटेल मी फक्त टोमणेच मारते.

कारखान्याने सूचना लावलीय की ‘आमच्या सक्षम देखरेख यंत्रणेमुळे वेळीच उपाययोजना करणे शक्य झाले’. चार तारखेला दुपारी बाराच्या बारा दिवे हिरवे होते, मला बांधसाहेबांनीच सांगितलं. हल्ली ते सकाळी पायथ्याने चालतात. हात टेकवतात. पहिल्या दिवशी मी त्यांना शिकवलं, तळवा टेकवायचा, बोटं नाही. मला कामावर परत घेतलंय. निलंबनाला कारण कुंपण होतं, ते आता चिखलाखाली आहे.

तुझ्या मालिकेचं वाईट झालं, हे खरं. पंधरा वर्षं वाहिलेल्या पेटाऱ्याचं मोल मला कळतं रे, मी तोंडाने काही बोलले तरी. पण शिक्का मारून पोच घेऊन परत जाताना माझ्या दारावरून न जेवता गेलास, ते मात्र मी विसरणार नाही.

आता कामाचं. घराची गच्ची शाबूत आहे, आणि तुझे तीन ठिपकेही. काल शिडी लावून पाहून आले. पेटारा घेऊन ये. कॉलनीने ठरवलंय की सगळ्यांनी रस्त्यावर, चिखलाच्या कडेने उभं राहायचं, तान्ह्यांना कडेवर घेऊन. तीस सेकंद कुणी हलणार नाही. क्रेनवाल्याची बायको रोज संध्याकाळी शाळेच्या आवारात सगळ्यांचा सराव घेते, अकरा तान्ह्यांचं तेवढं अजून जमत नाही. पहारेकऱ्याला सरावाची गरज नाही.

माझी एक चादर निघायच्या घाईत गच्चीवरच राहिली होती म्हणून वाचली. घरात मागे राहिलेल्यातलं तेवढंच कापड उरलंय. ती डाव्या कोपऱ्यात आहे आणि तिथेच राहील.

हात लाल आहे, पण कोरडा.
तुझी ताई